लहान सर्व्हर खोलीत रॅक कसा उभारावा आणि थंड कसा ठेवावा

वागळे इस्टेट, रबाळे किंवा महापे येथील एखाद्या गाळ्यात नवे कार्यालय थाटले जाते, तेव्हा टेबले, केबिन आणि पाहुण्यांची बैठक यांची जागा आधी ठरते आणि सर्व्हरच्या रॅकला, म्हणजे यंत्रे एकावर एक बसवायच्या लोखंडी चौकटीला, उरलेली जागा मिळते. ती बहुधा जिन्याखालची कोंदट खोली असते, नाहीतर पत्र्याच्या छताखालचा पोटमाळा. या कामात नव्याने आलेल्या तंत्रज्ञाच्या हाती त्या खोलीची किल्ली येते आणि ‘एसी लावलेला आहे, बाकीचे तुम्ही बघा’ एवढीच सूचना मिळते. हा लेख त्या तंत्रज्ञासाठी आहे. एक-दोन रॅक आणि फार तर पाच किलोवॉटपर्यंतची यंत्रे असलेल्या खोलीपुरताच तो मर्यादित आहे. नवी मुंबईत उभ्या राहिलेल्या मोठ्या डेटा सेंटरमधील व्यवस्था वेगळ्या प्रतीची असते आणि तिचे नियम येथे लागू करू नयेत.

एक गोष्ट आरंभीच पक्की करावी. खोली थंड असणे आणि यंत्र थंड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्राच्या तोंडाशी येणारी हवा किती अंशांची आहे, आणि त्याच्या पाठीमागून बाहेर पडलेली गरम हवा वळसा घालून पुन्हा त्याच तोंडाशी येते की नाही, यावर सगळे अवलंबून असते. एसीच्या रिमोटवर २० हा आकडा दिसत असताना रॅकच्या वरच्या टोकाचा सर्व्हर ३४ अंशांची हवा आत ओढत होता, हे मी स्वतः मोजून पाहिलेले आहे. पुढील प्रत्येक पायरी हा फरक लक्षात ठेवूनच वाचावी.

उष्णतेचा हिशेब

रॅकमधील यंत्रे जेवढी वीज घेतात, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत उतरते. म्हणून पहिले काम पाना-स्क्रू ड्रायव्हरचे नसून कागद-पेन्सिलीचे आहे. यंत्राच्या पाटीवरचा आकडा तसाच धरू नये. सर्व्हरच्या वीजपुरवठ्यावर (पॉवर सप्लायवर) ७५० वॉट लिहिलेले असते ते त्याचे सामर्थ्य असते. रोजच्या कामात तोच सर्व्हर बहुधा याच्या निम्म्याहून कमी वीज घेतो. शक्य असेल तर क्लॅम्प मीटर लावून किंवा सर्व्हरच्या व्यवस्थापन पानावरील नोंद पाहून खरा वापर घ्यावा, आणि तोही कामाच्या भर वेळी.

उदाहरण म्हणून मध्यम आकाराच्या कार्यालयाचा एक रॅक घेऊ. प्रत्येकी ३५० वॉटचे दोन सर्व्हर, १५० वॉटचा डेटाचा साठवण संच, १२० वॉटचा नेटवर्क स्विच, फायरवॉल आणि राउटर मिळून ६० वॉट, आणि कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे ८० वॉटचे यंत्र, अशी बेरीज १,११० वॉट होते. वीज गेल्यावर बॅटरीवर यंत्रे चालवणाऱ्या यूपीएसची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर तो स्वतः आणखी सुमारे १२० वॉट उष्णता सोडतो, म्हणजे एकूण १,२३० वॉट झाले. कॅमेऱ्यांना नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा स्विच असेल, तर कॅमेऱ्यांकडे गेलेली वीज खोलीत उष्णता सोडत नाही. ती बेरजेतून वगळावी, मात्र यूपीएसच्या भारात धरावी.

एसीची भाषा बीटीयू आणि टनांची आहे. एक वॉट म्हणजे ताशी ३.४१२ बीटीयू आणि एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, अर्थात सुमारे ३.५ किलोवॉट. वरचा रॅक ताशी ४,२०० बीटीयू, म्हणजे एक-तृतीयांश टनाच्या आसपास उष्णता देतो. हा आकडा पाहून पाऊण टनाचा एसी पुरेल असे वाटते. परंतु घरगुती एसीच्या टनातला मोठा हिस्सा हवेतील पाणी काढण्यात खर्च होतो आणि हवा थंड करण्यासाठी साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश हिस्साच उरतो. त्यात पश्चिमेची तापलेली भिंत, वरचा पत्रा आणि मे महिन्यात बाहेरच्या युनिटभोवती असलेली चाळिशीच्या घरातील हवा यांची भर पडते. या उदाहरणात एक टनाचा एसी घ्यावा, आणि एक नव्हे तर दोन घ्यावेत. दुसऱ्याचे कारण पुढे येईल.

जागेची निवड

नवी मुंबईचा बराचसा भाग भरणी करून उभा राहिला आहे, आणि पावसाचे पाणी साठवून ओहोटीला खाडीत सोडण्यासाठी सिडकोने धारण तलावांची योजना केली आहे. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल भागातील पाणी तुंबते. २६ जुलै २००५ रोजी ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरले, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून तळघर आणि तळमजला शक्यतो टाळावा. तळमजल्याशिवाय पर्यायच नसेल, तर विटांचा किंवा लोखंडी चौकटीचा किमान दीड-दोन वीत उंच कट्टा करून त्यावर रॅक ठेवावा आणि यूपीएसच्या बॅटऱ्याही जमिनीवर ठेवू नयेत.

पोटमाळ्यावर किंवा निवासी इमारतीतील कार्यालयात वजनाचा प्रश्न येतो. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात निवासी खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, एवढा भार गृहीत धरलेला आहे. भरलेल्या रॅकचे वजन ४५० किलो असेल आणि त्याचा तळ ६०० गुणिले १,००० मिलिमीटरचा असेल, तर त्या तुकड्यावर दर चौरस मीटरला ७५० किलोंचा भार पडतो. याचा अर्थ स्लॅब लगेच खचेल असा नाही, कारण भार आजूबाजूला वाटला जातो. परंतु रॅक खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईजवळ ठेवावा आणि इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा विचारावे.

वरच्या मजल्यावर शौचालय आहे का, छतातून पाण्याची किंवा सांडपाण्याची नळी जाते का, भिंतीला ओल आहे का, हे स्वतः पाहावे. रॅकच्या समोर किमान एक मीटर आणि मागे पाऊण मीटर मोकळी जागा ठेवावी; समोरची जागा सर्व्हर पूर्ण बाहेर ओढण्यासाठी आणि मागची जागा तंत्रज्ञाला उभे राहता यावे म्हणून लागते. मागची बाजू भिंतीला टेकवलेला रॅक पहिल्या दिवशी नीटनेटका दिसतो, पण नंतर एक साधी तार बदलण्यासाठी सगळा रॅक ओढावा लागतो.

रॅक विकत घेताना

ज्याला आपण १९ इंची रॅक म्हणतो, त्यात यंत्राच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर असते. उंची ‘यू’ या एककात मोजतात आणि एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. पूर्ण उंचीचा रॅक बहुधा ४२ यूचा असतो. भिंतीवर लावायचे ६, ९ किंवा १२ यूचे असतात आणि ते स्विच व पॅच पॅनेलसाठी (तारांची टोके जोडायच्या पट्टीसाठी) ठीक असले तरी सर्व्हरसाठी नाहीत, कारण त्यांची खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतची लांबी, अपुरी पडते. रॅकच्या या खोलीकडे नवे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. आजचा सर्व्हर ७०० ते ८०० मिलिमीटर लांब असतो, त्याच्या मागे तारांना वळण घेण्यासाठी आणखी दीडशे-दोनशे मिलिमीटर लागतात, म्हणून सर्व्हरसाठी किमान १,००० मिलिमीटर खोलीचा रॅक घ्यावा. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ठाण्यातील विक्रेत्याकडे जाताना यंत्रांची लांबी लिहून न्यावी.

बाजारातील स्वस्त रॅकना पुढे काचेचे दार असते. ते दिसायला छान असते, पण सर्व्हरसाठी ते फार वाईट, आणि हे मी कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे. सर्व्हर हवा समोरून घेतो आणि मागे सोडतो. समोर काच लावणे म्हणजे धावणाऱ्या माणसाच्या तोंडावर हात धरणे. रॅकच्या छतावरील चार पंखे ही उणीव भरून काढत नाहीत. पुढचे आणि मागचे, दोन्ही दरवाजे जाळीचेच मागवावेत. काचेचा रॅक आधीच घेतलेला असेल, तर दार काढून बाजूला ठेवावे आणि खोलीच्या दाराला कुलूप लावावे.

उभे करणे, अर्थिंग आणि वीज

माथाडी कामगारांकडून रॅक वर चढवून घेताना तो रिकामाच चढवावा आणि दरवाजे, बाजूचे पत्रे आधी काढून ठेवावेत. जागेवर आल्यावर चाकांवर तसाच न ठेवता चारही पाय खाली सोडून भार पायांवर घ्यावा, आणि पाणसळ लावून पुढून-मागून व डावी-उजवीकडून पातळी जुळवावी. रॅक किंचितही तिरका असेल तर सर्व्हरच्या रेल (तो ज्यांवरून आत-बाहेर सरकतो त्या पट्ट्या) अडकतात आणि दारे आपोआप उघडतात. त्यानंतर तो अँकर बोल्टने जमिनीला जखडावा. एरवी रिकाम्या असलेल्या रॅकमधून जड सर्व्हर पुढे ओढला की सगळा रॅक समोर कलंडू शकतो आणि समोर उभ्या माणसाला मागे सरकायलाही वेळ मिळत नाही.

रॅकच्या चौकटीला आणि दोन्ही दारांना हिरव्या-पिवळ्या तारेने अर्थिंग जोडावे. पत्र्याला रंग असतो, म्हणून दातेरी वॉशर वापरावा किंवा जोडाच्या जागी रंग खरवडावा. परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधील व्होल्टेज भार चालू असताना मोजून घ्यावे. ते २ व्होल्टच्या आत असावे असा या कामातील लोकांचा आग्रह असतो आणि तो योग्य आहे. त्याहून बरेच जास्त असेल, तर अर्थिंगचा खड्डा किंवा न्यूट्रलचा जोड तपासल्याशिवाय यंत्रे जोडू नयेत. जुन्या गाळ्यांमध्ये अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे कोणी उघडलेला नसतो.

रॅकसाठी वेगळे सर्किट असावे आणि एसीचे सर्किट त्याहून वेगळे. १६ अँपिअरच्या एका सॉकेटमधून २३० व्होल्टला ३,६८० व्होल्ट-अँपिअर मिळतात, पण सतत चालणारा भार याच्या ८० टक्क्यांपुढे नेऊ नये. सर्व्हरला दोन वीजपुरवठे असतील तर ते दोन वेगळ्या पीडीयूंना (रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या सॉकेटच्या पट्ट्यांना) जोडावेत, आणि प्रत्येक पीडीयू एरवी ४० टक्क्यांपर्यंतच भरावा; एक बंद पडला की दुसऱ्यावर सगळा भार येतो हे त्यामागचे कारण आहे. सर्व्हरच्या प्रत्येक वीजपुरवठ्यातून थोडा प्रवाह अर्थकडे झिरपत असतो. झिरपणारा प्रवाह वाढला की वीज तोडणाऱ्या एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर अशी अनेक यंत्रे जोडली की तो विनाकारण पडतो, म्हणून ही विभागणी वायरमनशी आधीच बोलून ठरवावी.

यंत्रे चढवणे

रॅकच्या उभ्या पट्टीवरील भोके समान अंतरावर नसतात. १५.९, १५.९ आणि १२.७ मिलिमीटर असा क्रम दर यूला पुन्हा येतो, आणि यूची सीमा ज्या दोन भोकांमध्ये सर्वांत कमी अंतर असते त्यांच्या मधून जाते. हे एकदा डोळ्यांना समजले की केज नट (भोकात अडकवून त्यात स्क्रू आवळायचे नट) चुकीच्या भोकात बसत नाहीत. केज नट बसवताना त्याचे कान आडवे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला ठेवावेत आणि छोटे हत्यार वापरावे. स्क्रू ड्रायव्हरने दाबताना बोट कापले गेल्याच्या घटना या कामात नेहमीच्या आहेत.

जड यंत्रे खाली, हा नियम आहे. यूपीएस आणि त्याचा बॅटरी संच तळाशी, त्यावर साठवण संच, मग सर्व्हर, आणि वर स्विच व पॅच पॅनेल. दोन यूचा भरलेला सर्व्हर ३० किलोंच्या आसपास जातो. तो एकट्याने कधीही उचलू नये. रेल आधी रिकाम्या बसवाव्यात, पुढच्या आणि मागच्या पट्टीवर त्या एकाच यूमध्ये आहेत याची खात्री करावी, आणि मगच दोघांनी मिळून सर्व्हर आत सरकवावा. सर्व्हरवर सर्व्हर ठेवून खालच्यावर भार टाकणे, किंवा एकाच बाजूने धरणाऱ्या ट्रेवर जड यंत्र ठेवणे, हे दोन्ही टाळावे.

बसवण्याआधी प्रत्येक यंत्राच्या पंख्यांची दिशा पाहावी. सर्व्हर पुढून मागे हवा नेतात, परंतु अनेक स्विच डावीकडून उजवीकडे नेतात, आणि काही स्विच पोर्टांच्या बाजूने गरम हवा सोडतात. सर्व्हरच्या तोंडाजवळ गरम हवा सोडणारा स्विच उलटा, म्हणजे पोर्ट मागे करून बसवावा. तसे स्विच याच पद्धतीसाठी बनवलेले असतात. एसी असलेल्या गोदामातून किंवा थंड गाडीतून आणलेले यंत्र जुलैमध्ये लगेच खोक्यातून काढू नये. त्याच्या थंड धातूवर दमट हवेतील पाणी जमते, आणि ते आतल्या बोर्डावरही जमते. खोके बंद ठेवून काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे.

तारा बांधण्याविषयी एवढेच की विजेच्या तारा एका बाजूने आणि नेटवर्कच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात, प्लास्टिकच्या टायऐवजी व्हेल्क्रो पट्टी वापरावी, दोन्ही टोकांना क्रमांक लावावेत, आणि सर्व्हरच्या मागील पंख्यांसमोर तारांचा पडदा होऊ देऊ नये.

हवेची वाट

आता मूळ प्रश्नाकडे यावे. १,००० वॉट उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान १० अंशांनी वाढू द्यायचे असेल, तर मिनिटाला सुमारे १७५ घनफूट हवा लागते. आपल्या उदाहरणातील रॅकला साधारण २१५ घनफूट. ही हवा सर्व्हरचे पंखे स्वतःच ओढतात. आपले काम एवढेच की त्यांना ओढायला थंड हवा मिळावी आणि सोडलेली हवा परत येऊ नये. रॅकमध्ये रिकामा राहिलेला प्रत्येक यू हे गरम हवेला परत पुढे येण्याचे दार असते. पुढचा दाब पंख्यांनी हवा ओढल्यामुळे किंचित कमी असतो, मागचा किंचित जास्त, आणि हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे त्या फटीतून निमूट येते. म्हणून रिकाम्या जागा ब्लँकिंग पॅनेलने बंद कराव्यात. हे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे साधे तुकडे असतात आणि या सगळ्या कामात पैशाच्या मानाने सर्वाधिक लाभ त्यांचाच होतो. पुठ्ठा किंवा थर्मोकोल मात्र वापरू नये, ते पेट घेतात. उभ्या पट्टीच्या आणि रॅकच्या बाजूच्या पत्र्यामधील फट, तसेच तारा आत येण्याचे भोक हेही ब्रश पट्टीने किंवा फोमने बंद करावे. याच भोकांतून उंदीर आणि पाली आत येतात. पालीने यूपीएसच्या बोर्डावर शॉर्ट सर्किट घडवण्याचे प्रकार आपल्याकडे वारंवार होतात.

दोन रॅक असतील तर ते शेजारी, एकाच दिशेला तोंड करून ठेवावेत. एकाचे तोंड दुसऱ्याच्या पाठीकडे आले, तर मागच्याला पुढच्याची गरम हवाच मिळेल.

एसी कुठे आणि कसा

इनडोअर युनिट रॅकच्या समोरच्या भिंतीवर किंवा बाजूच्या भिंतीवर असे लावावे की थंड हवा रॅकच्या पुढच्या जागेत उतरेल. रॅकच्या बरोबर डोक्यावर ते कधीही लावू नये. माझ्या सुरुवातीच्या काळात एका कार्यालयात जागा नाही म्हणून मी ते डोक्यावर लावू दिले होते. पहिल्याच पावसाळ्यात ड्रेनच्या नळीत शेवाळ साचले आणि पाणी रॅकच्या छतावरील पंख्यांच्या भोकातून थेट आत ठिबकले. स्विच गेला, आणि साठवण संच केवळ वरच्या पॅच पॅनेलमुळे वाचला. या हवेत एक टनाचा एसी दिवसाला बादलीभर पाणी सहज काढतो, त्यामुळे नळीला सलग उतार, वळणे कमी आणि टोक उघड्यावर असावे.

तापमान किती ठेवावे? उष्णता आणि वातानुकूलन क्षेत्रातील अ‍ॅश्रे ही अमेरिकी संस्था यंत्राच्या तोंडाशी १८ ते २७ अंश अशी शिफारस करते. भारतात १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर ठेवलेले येतात, आणि रॅकसाठीही २३-२४ हा आकडा चांगला आहे. १६ वर ठेवल्याने यंत्राचे आयुष्य वाढत नाही. उलट कॉइलवर बर्फ धरण्याची शक्यता वाढते, भिंतींना पाणी सुटते आणि वीजबिल वाढते. बॅटऱ्यांचा विचार मात्र वेगळा करावा: यूपीएसच्या बंद शिसे-आम्ल बॅटऱ्या २५ अंशांसाठी बनवलेल्या असतात आणि दर १० अंशांच्या वाढीला त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. रॅकच्या मागच्या गरम बाजूला बॅटऱ्यांची पेटी ठेवू नये ती यासाठी.

दोन एसींचे कारण आता सांगतो. १० गुणिले ८ फुटांची, ९ फूट उंच खोली घेतली तर तिच्यात सुमारे २० घनमीटर हवा असते. १,२३० वॉट उष्णता केवळ त्या हवेतच साठली, तर तापमान दर २० सेकंदांना एक अंशाने वाढेल. प्रत्यक्षात भिंती आणि लोखंड बरीच उष्णता शोषतात, म्हणून वाढ पुष्कळ मंद असते. तरीही रात्री दोनला एसी बंद पडला तर सकाळी कार्यालय उघडेपर्यंत वाट पाहणे शक्य नसते. दोन एसी टायमरने आळीपाळीने चालवावेत, दोघांचे सर्किट आणि एमसीबी वेगळे असावेत, आणि एक बंद पडल्यास दुसरा आपोआप सुरू व्हावा. वीज गेल्यावर एसी आपोआप पुन्हा सुरू होतो का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. जनरेटर काही सेकंदांत भार घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू व्हायला त्यानंतरही तीनेक मिनिटे लागतात.

आउटडोअर युनिट इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक लावण्याची पद्धत ठाण्यात फार आहे. खालच्याने सोडलेली गरम हवा वरचा ओढतो आणि मे महिन्यात दोन्ही दम सोडतात. ते गच्चीवर किंवा मोकळ्या भिंतीवर न्यावे. ऐरोली, वाशी, बेलापूर असा खाडीलगतचा भाग असेल तर खारी हवा कॉइलचे पातळ पत्रे काही वर्षांत खाऊन टाकते, तेथे गंजरोधक लेप दिलेली कॉइल घ्यावी.

पावसाळ्यातील ओलावा

आपल्या भागात उन्हाळ्यापेक्षा पावसाळा रॅकला अधिक त्रास देतो. जुलैमध्ये बाहेर २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. याचा अर्थ, २६ पेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागाला ती हवा लागली की तेथे पाणी सुटणार. २२ अंशांच्या खोलीचे दार ‘जरा मोकळी हवा येऊ द्या’ म्हणून उघडे ठेवणे ही त्यामुळे मोठी चूक आहे. त्याहून मोठी चूक म्हणजे एसी चालू असताना एक्झॉस्ट पंखा चालवणे. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो, तेवढीच ओली हवा दाराच्या फटीतून आत येते, आणि एसीची शक्ती तिचे पाणी काढण्यात जाते. यंत्रे स्वतः हवेत ओलावा सोडत नाहीत, त्यामुळे खोली घट्ट बंद असेल तर एसीच काही तासांत आर्द्रता खाली आणतो. दाराला रबरी पट्टी लावावी, खिडकी असल्यास कायमची बंद करावी आणि तारांची भोके बुजवावीत. एक्झॉस्ट ठेवायचाच असेल तर तो झाकण असलेला आणि फक्त खोली ३५ अंशांपुढे गेल्यावर सुरू होणारा असावा.

अ‍ॅश्रेच्या शिफारशीत दवबिंदू १५ अंशांच्या आत ठेवावा असे म्हटले आहे. २४ अंशांच्या खोलीत त्याचा अर्थ सुमारे ५७ टक्के आर्द्रता असा होतो. हवेत गंज आणणारे वायू असतील तर ५० टक्क्यांच्या आत राहावे, अशी त्याच संस्थेची नवी सूचना आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत, आणि गंधकाचे वायू ओलावा मिळताच बोर्डावरील चांदी आणि तांबे काळवंडून टाकतात. आपल्या गाळ्यात तांब्याची उघडी तार किंवा चांदीची वस्तू काही आठवड्यांत काळी पडत असेल, तर ५० टक्क्यांचीच मर्यादा पाळावी आणि गरज पडल्यास वेगळे आर्द्रताशोषक यंत्र ठेवावे. त्याची उष्णता मात्र हिशेबात धरावी.

चाचणी

सगळे बसल्यावर रॅकच्या पुढच्या बाजूस तळाशी, मध्ये आणि वर असे तीन, आणि मागे वर एक, असे चार तापमापक लावावेत. यंत्रे पूर्ण भारावर चालवून दोन तासांनी वाचन घ्यावे. पुढच्या तीन वाचनांत चार-पाच अंशांहून जास्त फरक आला, तर वरच्या भागाला परतलेली गरम हवा मिळते आहे असे समजावे आणि उघडे यू शोधावेत. मग कार्यालय चालू असताना, मालकाला सांगून, दोन्ही एसी बंद करावेत आणि २४ पासून ३२ अंशांपर्यंत जायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजावे. पारा ३२ ला पोहोचताच एसी सुरू करावेत. मिळालेला आकडा खोलीच्या दारावर लिहून ठेवावा. एसी बिघडल्यावर आपल्याकडे किती वेळ आहे हे त्यावरूनच कळते. सूचना देणारी यंत्रणा २७ ला इशारा, ३२ ला फोनवर संदेश आणि ३५ ला सर्व्हर क्रमाने बंद करणे अशी लावावी. यूपीएस बॅटरीवर गेल्यावर एसी बंद असतो, हे विसरून नुसता बॅटरीचा वेळ वाढवत नेऊ नये. दोन तास चालणारी बॅटरी आणि वीस मिनिटांत तापणारी खोली यांचा मेळ बसत नाही.

पहिल्या वर्षाची देखभाल

एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी. तुर्भे आणि पावणे परिसरात दगडाची आणि बांधकामाची धूळ पुष्कळ असते, तेथे दर आठवड्याला. मेच्या शेवटी ड्रेनची नळी पाण्याने धुऊन घ्यावी आणि एक तांब्या पाणी ओतून ते दुसऱ्या टोकाला येते का ते पाहावे. आउटडोअर कॉइल पावसाळ्याआधी आणि नंतर गोड्या पाण्याने धुवावी. सहा महिन्यांनी विजेचे जोड पुन्हा आवळून घ्यावेत, आणि नवे यंत्र आले की पहिल्या पानावरचा वॉटचा हिशेब पुन्हा मांडावा. गणपती आणि दिवाळीच्या सुट्टीआधी सुरक्षारक्षकाला प्रत्यक्ष खोलीपाशी नेऊन एसीचे आणि रॅकचे एमसीबी दाखवावेत, त्यांवर ‘बंद करू नये’ अशी ठळक मराठी पट्टी चिकटवावी, आणि रात्री संदेश आला तर त्याने कोणता एसी कसा सुरू करायचा हे त्याच्याकडून एकदा करवून घ्यावे.